‘हनी’ कॉफीत मध नसतो : चिकमंगळूरचं एक वाळवण आणि पुण्यातला एक भाजणारा

घाटमाथा | १२ ऑक्टोबर, रात्री ९.४०

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने कॉफीचं पाव किलोचं पाकीट हातात ठेवलं. वर लिहिलेलं: चिकमंगळूर, एकाच बागेतली, एस ७९५ (ही कॉफीची एक जात), रेड हनी. आईने ते वाचून लगेच विचारलं, "मध घातलाय का गं यात? मग बाबांना नको देऊस, शुगर वाढायची." मला उत्तर देता आलं नाही. ते शोधण्यात तीन आठवडे गेले. ज्यांनी ही कॉफी भाजली त्यांच्या शेडमध्ये दोनदा जाऊन आले. जे कळलं ते इथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न आणखी बऱ्याच घरांत पडला असणार.

आधी आईचं उत्तर. मध अजिबात नसतो.

कॉफीचं फळ पिकलं की लालभडक होतं, साधारण करवंदाएवढं. त्याला चेरी म्हणतात. साल काढली की आत गोडसर, बुळबुळीत गर लागतो, भोकराच्या गराची आठवण व्हावी इतका चिकट. त्याच्या आत कडक टरफल, मग चंदेरी पापुद्रा आणि मग सपाट बाजू एकमेकींना लावलेल्या दोन बिया. आपण पितो ती या बियांची कॉफी. आता हा गर कधी काढायचा यावर चव बरीच बदलते. साल आणि गर दोन्ही काढून, धुऊन वाळवली तर ती वॉश्ड. आपल्याकडे ‘प्लांटेशन ए’ म्हणून मिळते ती हीच. अख्खं फळ तसंच उन्हात वाळवलं तर नॅचरल, तिला बागांमध्ये नुसतं ‘चेरी’ म्हणतात. आणि साल काढून गर तसाच अंगावर ठेवून वाळवली तर ती हनी. वाळताना तो गर मधासारखा तांबूस आणि चिकट होतो, त्यावरून हे नाव. कमी गर ठेवला तर यलो, जास्त ठेवला तर रेड, जवळजवळ सगळा ठेवून सावलीत हळूहळू वाळवला तर ब्लॅक. या नावांना कुठलं पक्कं मोजमाप नाही, प्रत्येक बागेचा आपापला हात असतो.

माझं आजोळ सावंतवाडीकडचं. आजी आमसुलं करायची तेव्हा कोकमाची सालं त्यांच्याच रसात बुडवून पुन्हा उन्हात घालायची, पुन्हा रस, पुन्हा ऊन. फळाचा रस त्याच्याच अंगावर सुकू द्यायचा. हनी कॉफीचं वर्णन ऐकताना मला तेच अंगण दिसत होतं. आणि आंबापोळीही, जी अर्धवट सुकलेली असताना माशा, धूळ आणि अवकाळी ढग या तिघांपासून सांभाळावी लागते.

आता भाजणाऱ्यांबद्दल. इथल्या जाहिरातीच्या धोरणामुळे नाव लिहीत नाही, दादा म्हणते. धायरीच्या बाजूला एक पत्र्याची शेड, त्यात पाच किलोचं गॅसवर चालणारं ड्रम मशीन, एक वजनकाटा, पाकिटं बंद करायचं यंत्र आणि भिंतीला टेकवलेली पोती. माणसं दोन, दादा आणि त्यांची पत्नी. पूर्वी दोघंही नोकरी करत होती. आठवड्यातून दोन दिवस भाजणं, उरलेले दिवस पाकिटं, कुरिअर, हिशेब.

मी गेले त्या दिवशी हीच कॉफी ड्रममध्ये होती. एका वेळी तीनच किलो घालतात. दादा म्हणाले, "हनीच्या दाण्यावर गराची साखर थोडी चिकटून राहिलेली असते. सुरुवातीला आच मोठी ठेवली की बाहेरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. वॉश्डसारखं याला घाई करून चालत नाही." पहिली काही मिनिटं ओल्या गवताचा वास येत होता. मग भाजक्या पोळीचा. मग दाणे फुटायला लागले, लाह्या फुटतात तसा आवाज, त्याला फर्स्ट क्रॅक म्हणतात. त्यांच्या मीटरवर तेव्हा १९७ अंश होते. तिथून पुढे जेमतेम दीड मिनिट. दादा त्या दीड मिनिटात एक शब्द बोलले नाहीत. चमच्याने दाणे बाहेर काढून वास घेत होते, वहीत आकडे लिहीत होते. मग एकदम सगळे दाणे खालच्या जाळीवर सोडले. तीन किलोचे दोन किलो ५७० ग्रॅम झाले होते.

घरी आल्यावर केली. वाफेला काकवीचा वास, पहिल्या घोटात सुक्या अंजिराची गोडी, गार होत गेली तशी मोसंब्यासारखी हलकी आंबट. मी साखर घातली नव्हती. आईने दोन घोट घेऊन कप खाली ठेवला आणि विचारलं, "मग गोड कशाने लागतंय?"

ते मलाही नीट कळलेलं नाही. कुणी सांगेल का? आणि तुम्ही अशी कॉफी प्यायली असेल तर कुठली, कशी केली, तेही लिहा.

---

पावशेर | १२ ऑक्टोबर, रात्री १०.१५

छान लिहिलंय, लाह्यांचा आवाज ऐकू आला. एक विचारतो, राग मानू नका. पाकीट केवढ्याला? माझ्या माहितीत असल्या कॉफ्या पाव किलोला सहाशेच्या पुढे असतात. तेवढ्यात आमच्या घरी महिन्याचा चहा होतो. एका चिकट गरासाठी एवढा फरक द्यावा का, हे मला प्रामाणिकपणे समजून घ्यायचंय.

---

घाटमाथा | १२ ऑक्टोबर, रात्री १०.३२

६२० रुपये. राग कसला, मीही दादांना हेच विचारलं होतं. त्यांनी वही उघडून हिशेब दाखवला. तो नीट उतरवून घेतलाय, उद्या लिहिते.

---

रसायनी | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

आईंच्या प्रश्नाला माझ्या परीने उत्तर.

गरातली साखर झिरपून बीमध्ये जाते आणि म्हणून कॉफी गोड होते, असं बऱ्याच पाकिटांवर सुचवलेलं असतं. ते इतकं सरळ नाही. टरफल आणि पापुद्रा मध्ये असतात, साखर फारशी आत जात नाही. पण बी जिवंत असते हे विसरू नका. झाडावरून तोडल्यावर आणि वाळत असतानाही तिच्यात घडामोडी चालू असतात. साल-गर काढून पाण्यात ठेवली की ती रुजायच्या तयारीला लागते आणि स्वतःच्या आतलं ग्लुकोज, फ्रुक्टोज वापरून टाकते. म्हणून वॉश्ड कॉफीच्या कच्च्या दाण्यात या दोन साखरा कमी सापडतात आणि अख्खं फळ वाळवलेल्यात जास्त. हनी या दोहोंच्या मधली. शिवाय गर वाळताना त्यावर यीस्ट आणि जिवाणू काम करतात, त्यातून फळांसारखे वास तयार होतात.

आता ‘गोड’. कच्च्या अरेबिकात (कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी एक, दुसरी रोबस्टा) साधारण ६ ते ९ टक्के सुक्रोज असतं. भाजताना ते जवळजवळ सगळं संपतं, त्यातून रंग, वास आणि आंबटपणा येतो. म्हणजे कपात साखर नाहीच म्हणा. आपल्याला गोड लागतं ते मुख्यतः वासामुळे. काकवीचा, अंजिराचा वास आला की मेंदू गोडी जोडून देतो. बाबांना बिनधास्त द्या, फक्त वरून साखर घालू नका.

---

माहेर_बेळगाव | १३ ऑक्टोबर, दुपारी २.२०

बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी.

मी बेळगावची, लग्नानंतर सकलेशपूरजवळ. घरची कॉफीची बाग, फार मोठी नाही. सिल्व्हर ओक, फणस आणि उंबराच्या सावलीत अरेबिका, खाली उतारावर रोबस्टा, झाडांवर मिरीचे वेल. धागाकर्तीने भाजण्याचं सुंदर लिहिलंय. मी त्याच्या आधीचं सांगते, कारण पावशेर यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

अरेबिकाची तोडणी नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत. हनी करायची तर फक्त पूर्ण पिकलेली फळं चालतात. हिरवट एकसुद्धा नको, कारण त्याचा गर सुटत नाही आणि तुरट चव सगळ्यात उतरते. म्हणजे त्याच झाडाकडे तीन-तीन, चार-चार वेळा जायचं. तोडणाऱ्या बायकांना किलोवर मजुरी असते आणि वेचून तोडताना दिवसाचे किलो कमी भरतात. म्हणून आम्ही या तोडणीला दर वाढवून देतो. नाहीतर त्यांनी का वेचावं?

तोडलेलं त्याच संध्याकाळी पल्परमधून, म्हणजे साल काढायच्या यंत्रातून, जायला हवं. मग खळ्यावर. इकडे खळ्याला ‘कण’ म्हणतात. वॉश्ड दाणा सुटसुटीत असतो, पसरला की वाळतो. हनीचा दाणा पहिले दोन-तीन दिवस एकमेकाला असा चिकटतो की गोळे होतात. ते हाताने फोडायचे. दर अर्ध्या-पाऊण तासाने उलथायचं. थर पातळ ठेवायचा, म्हणजे तेवढ्याच मालाला जागा दुप्पट. आम्ही जमिनीपासून उंच बांधलेल्या जाळीच्या खाटांवर वाळवतो, खालून वारा लागतो. संध्याकाळी दव पडायच्या आत झाकायचं, सकाळी धुकं सरल्यावर उघडायचं. ओलावा ११ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत हे चालतं. वॉश्ड सात-आठ दिवसांत उठते, हनीला आमच्याकडे बारा ते अठरा लागतात. आणि हे सगळं ऐन तोडणीत, जेव्हा खळ्यावरच्या प्रत्येक फुटासाठी बाकीचा माल वाट बघत असतो.

एक रात्र पाऊस आला, ताडपत्रीखाली वाफ धरली, की बुरशी. मग तो माल कुणी हनी म्हणून घेत नाही, साधा म्हणूनसुद्धा पडत्या भावाने जातो.

आमच्या भागातले बहुतेक लोक हनी करत नाहीत ते यामुळे. येत नाही म्हणून नव्हे. आधी कुणी "मी घेतो" असं म्हटलेलं नसेल तर अठरा दिवसांची जोखीम कशासाठी घ्यायची? आम्ही पहिल्यांदा केली ती बंगळूरच्या एका छोट्या रोस्टरने, म्हणजे भाजणाऱ्याने, तोडणीच्या आधी अर्धे पैसे दिले तेव्हा. दोनशे किलो. त्या वर्षी सासऱ्यांनी रात्री टॉर्च घेऊन खळ्यावर फेऱ्या मारल्या होत्या.

---

घाटमाथा | १३ ऑक्टोबर, रात्री ९.१०

माहेर_बेळगाव, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, आईलाही वाचून दाखवला. दादांनी मला हेच दुसऱ्या टोकाकडून सांगितलं होतं. दरवर्षी जानेवारीत ते त्या बागेत जाऊन येतात, पण सौदा सप्टेंबरातच ठरतो. अर्धी रक्कम तेव्हाच. मालकांनी त्यांना पहिल्या वर्षी स्पष्ट सांगितलं होतं की पैसे नकोत एक वेळ, पण ‘बघू’ असं म्हणू नका. हो किंवा नाही सांगा, म्हणजे मी किती खाटा अडवायच्या ते ठरवतो.

आता हिशेब. कच्चा माल बागेतून येऊन पडतो साधारण ७०० रुपये किलोने. एक किलो कच्च्याचे भाजून सुमारे ८५० ग्रॅम, म्हणजे पाव किलोची तीन पूर्ण आणि चौथं अर्धंमुर्धं पाकीट. पाकिटामागे कॉफीच २०६ रुपयांची झाली. ६२० मधले ५ टक्के जीएसटीचे. दुकानातून विकलं गेलं तर दुकानदाराचा पाव ते तीस टक्के वाटा. मग व्हॉल्व्ह असलेलं पाकीट, गॅस, भाडं, कुरिअर, नमुने भाजण्यात गेलेला माल. एखादा घाणा बिघडला तर तीन किलो गेले, तो विकत नाहीत. उरतं त्यात दोघांचा पगार.

२०२५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली होती. तेव्हा साध्या मालालासुद्धा बागांना चांगला भाव मिळायला लागला. दादांना वाटलं होतं की मालक आता हनी करणार नाहीत, कारण कष्ट न करताच पैसे येतायत. ते दर वाढवून द्यायला तयार होऊन गेले. मालकांनी वाढवून मागितले, पण केली. "तुम्ही पडत्या भावात आमच्याकडे आला होतात," एवढंच म्हणाले म्हणे.

---

जुनं_खोड | १४ ऑक्टोबर, सकाळी ६.३०

‘एकाच बागेची’ हे शब्द पाकिटावर दिसणं हीच आमच्या पिढीला नवलाई आहे. त्यामागची गोष्ट तरुण मंडळींना ठाऊक असावी म्हणून लिहितो.

१९४२ च्या कॉफी कायद्यानंतर बागायतदाराला आपला माल कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यावा लागे. त्याला पूल म्हणत. सगळ्यांचा माल प्रतवारीने एकत्र होई आणि लिलावाने विकला जाई. पैसे हप्त्याहप्त्याने मिळत. एखाद्याने जीव ओतून कॉफी वाळवली काय आणि एखाद्याने कशीबशी वाळवली काय, प्रत एक तर पोतं एक. बागेचं नाव तिथेच पुसलं जायचं. नव्वदच्या दशकात ही पद्धत टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६ पर्यंत सगळ्यांना आपला माल हवा त्याला विकायची मोकळीक मिळाली. त्याआधी धायरीतल्या गृहस्थांना चिकमंगळूरच्या बागेकडून थेट दोन पोती घेताच आली नसती.

एक मात्र म्हणेन. त्या बोर्डाला केवळ दोष देऊ नये. युद्धाच्या काळात निर्यात बंद पडली तेव्हा त्यानेच बागायतदार जगवला. आणि कॉफी सामान्य माणसापर्यंत नेली ती इंडिया कॉफी हाउसने. पहिलं मुंबईत चर्चगेटला १९३६ साली उघडलं होतं, बोर्डाच्या आधीच्या कॉफी सेस कमिटीने. माझे वडील तिथे जात. माझ्या वाट्याला माटुंग्याची फिल्टर कॉफी आली, चिकोरीची, म्हणजे एका मुळाची भाजलेली पूड मिसळलेली. ती आजही मला आवडते. चिकोरीचा दाट कडवटपणा दुधाला लागतोच. मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी असा नियम आहे, टक्केवारी पाकिटावर छापलेली असते, ती जरूर वाचत जा.

---

वऱ्हाडी | १४ ऑक्टोबर, दुपारी १२.४५

नागपुरातून. आमच्याकडे कॉरिडॉर सेव्हन आहे, मिथिलेश वझलवार यांची रोस्टरी. नागपूर म्हणजे चहा आणि तर्री, इथं कोण पिणार अशी कॉफी, असं सगळेच म्हणायचे. आज तिथे बसायला जागा शोधावी लागते. मी पहिली हनी तिथेच प्यायलो. बागांची नावं लिहिलेली पाकिटं बघत होतो, एकावर ‘रत्नागिरी’ वाचून थक्क झालो. कोकणात कॉफी? तर काउंटरवरच्या मुलाने समजावलं की ही रत्नागिरी इस्टेट, चिकमंगळूरच्या बाबाबुदन डोंगरातली. आपल्या रत्नागिरीशी नावापुरतंच नातं.

आणि महाराष्ट्रात कॉफी पिकतच नाही असं कुणी म्हणालं तर त्याला अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला पाठवा. इंग्रजांच्या वेळेपासून झाडं आहेत तिथे. लहानपणी सहलीला गेलो तेव्हा पांढऱ्या फुलांचा वास आला आणि मला मोगराच वाटला होता. माल थोडा आणि स्थानिकच खपतो. पण कुणी मन लावून तिथली दहा किलो हनी वाळवली तर मी रांगेत पहिला उभा राहीन.

---

साता_समुद्रापार | १४ ऑक्टोबर, रात्री ११.५०

मी कोस्टा रिकात आहे, सान होसेला, कंपनीच्या कामानिमित्त चौथं वर्ष. हनी हे नाव गाजलं ते इथून, म्हणून थोडी भर.

गर ठेवून वाळवायची पद्धत १९९० च्या दशकात ब्राझीलमध्ये रुळली होती, तिकडे तिला पल्प्ड नॅचरल म्हणायचे. कोस्टा रिकात ती आली ती छोट्या शेतकऱ्यांमुळे. आधी इथलाही शेतकरी आपली फळं मोठ्या कारखान्याला किंवा सहकारी संस्थेला देऊन मोकळा व्हायचा, तुमच्या पूलसारखंच, नाव पुसलं जायचं. २००० नंतर कुटुंबांनी आपापली छोटी यंत्रं बसवली. वॉश्डला पाणी खूप लागतं आणि पाण्याचे नियम कडक, टंचाईही होती. गर न धुता वाळवली की पाणी वाचतं. काटकसरीतून सुरू झालेली गोष्ट चवीला इतकी चांगली निघाली की तीच यांची ओळख झाली. इथे चांगल्या कॉफीचा आग्रह एवढा की १९८९ पासून २०१८ पर्यंत रोबस्टा लावायलाच कायद्याने बंदी होती.

सान होसेहून पश्चिमेला सार्ची नावाचं गाव आहे, रंगवलेल्या बैलगाड्यांसाठी प्रसिद्ध. त्याच परिसरात कॉफीची एक बुटकी जात सापडली, व्हिया सार्ची. आता गंमत बघा. आपल्या कॉफी बोर्डाच्या बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राने २००७ मध्ये ‘चंद्रगिरी’ नावाची जात दिली, तिचा एक पालक हीच व्हिया सार्ची. आणि चंद्रगिरी म्हणजे तोच डोंगर, जिथे १६७० च्या सुमारास बाबा बुदन या सूफी संतांनी येमेनहून कमरेला बांधून आणलेल्या सात बिया लावल्या अशी कथा आहे. येमेनच्या बिया, सार्चीचं रोप आणि चिकमंगळूरची माती. मी सुट्टीत पुण्याला येईन तेव्हा चंद्रगिरीची हनी शोधणार आहे. माहेर_बेळगाव, तुमच्याकडे आहे का?

---

माहेर_बेळगाव | १५ ऑक्टोबर, सकाळी ८.००

आहे. पांढऱ्या खोडकिड्याने जुनी झाडं खाल्ली तिथे आम्ही चंद्रगिरी लावली. हनीसाठी मात्र अजून एस ७९५ वापरतो. तीही बाळेहोन्नूरचीच, १९४० च्या दशकातली. तिच्या रक्तात केंट ही अरेबिकाची जुनी जात आहे आणि थोडी लायबेरिका ही वेगळी कॉफीसुद्धा. जुन्या झाडांच्या एस ७९५ ला चिंच-गुळासारखी चव येते. दुसरा शब्द मला सापडत नाही. हनीत ती जास्त खुलते असं माझं मत आहे, नवऱ्याचं मत वेगळं आहे.

---

पावशेर | २ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.२०

नुसतं विचारून थांबणं बरं वाटेना, म्हणून दोन पाकिटं आणली. एकच बाग, एकच जात, एकच भाजणारे. एक वॉश्ड, एक हनी. काल घरात पाच माणसांना कपाखाली चिठ्ठी लावून दिली, कुठली कुठली हे फक्त मला ठाऊक. दूध-साखर नाही. १५ ग्रॅम कॉफी, २४० मिली पाणी, कागदी गाळणी.

तिघांना हनी आवडली, दोघांना वॉश्ड. वडिलांनी वॉश्ड उचलली, म्हणाले ही स्वच्छ लागते, दुसरीत काहीतरी ‘पिकलेलं’ आहे. बायकोला नेमकं ते पिकलेलंच आवडलं. तिने हनीला ‘शेवंतीच्या वेणीचा वास’ म्हटलं. मी चकित झालो ते वेगळ्या कारणाने. दोन्हींतला फरक सगळ्यांना, अगदी कॉफी न पिणाऱ्या मावशींनाही, पहिल्या घोटात कळला. मला वाटलं होतं फरक पाकिटावरच असेल. ते माझं चुकलं.

मी स्वतः? अर्धी गार झाल्यावर हनी. गरम असताना वॉश्ड.

---

कपबशी | ३ नोव्हेंबर, सकाळी १०.१०

ज्यांच्या घरी ड्रिपर वगैरे नाही त्यांच्यासाठी माझा अनुभव. स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरमध्ये हनी उत्तम होते, फक्त पूड नेहमीच्या फिल्टर कॉफीपेक्षा जाड दळून घ्या, बारीक रव्यासारखी. पाणी उकळून अर्धा-पाऊण मिनिट थांबा, मग घाला. वरची चकती दाबू नका.

पाणी फार महत्त्वाचं. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं, त्यात हीच कॉफी खडूसारखी सपाट लागली. बहिणीकडे महापालिकेच्या पाण्यात केली तर अंजीर लगेच सापडलं.

आणि भाजल्याची तारीख बघून लगेच फोडू नका. मी तिसऱ्या दिवशी फोडली तर वास नुसता धुराचा. दहाव्या दिवशी तीच कॉफी मोकळी झाली.

जायफळ घालून केली का कुणी? माझ्या सासूबाईंना जायफळाशिवाय कॉफी म्हणजे कॉफीच वाटत नाही.

---

घाटमाथा | ३ नोव्हेंबर, रात्री ९.३०

केली, आईनेच केली. तिची पद्धत ठरलेली: दूध उकळायचं, त्यात कॉफी, साखर, वरून सहाणेवर उगाळलेलं जायफळ. फार वाईट नाही लागली, पण जायफळापुढे हनी कुठेच दिसेना. दुधात पण जायफळाशिवाय केली तेव्हा मात्र खरवसावरच्या गुळासारखी खमंग लागली. जायफळाच्या कॉफीला आम्ही चिकोरीचंच पाकीट ठेवलंय. ती वेगळी वस्तू आहे, कोजागरीची आणि पाहुण्यांची. तिला बाजूला सारायचं काही कारण नाही.

---

घाटमाथा | १९ जानेवारी, रात्री १०.०५

धागा वर काढते आहे. दादा कालच बागेतून परतले, आज मी शेडवर जाऊन आले.

यंदाचा लॉट अर्धाच आहे. खाटांवर माल पडल्याच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी अवकाळी सर आली. सगळे हात तोडणीवर होते. ताडपत्र्या टाकेपर्यंत एका बाजूच्या खाटा भिजल्या. मालकांनी रातोरात तो माल वेगळा केला, दुसऱ्या दिवशी सकाळी धुऊन गर काढला आणि वॉश्डसारखा वाळवला. बुरशीपासून वाचला, पण हनी राहिला नाही. मालकांनी फोन करून स्वतःहून सांगितलं आणि अर्ध्या मालाची आगाऊ रक्कम परत देऊ केली.

दादांनी ती घेतली नाही. भिजलेल्या खाटांचा मालही ठरलेल्याच भावाने उचलला. वेगळा भाजून, दुधासाठीची कॉफी म्हणून, कमी किमतीत विकणार आहेत. त्यात तोटा होणार हे त्यांच्या पत्नीने मला वही दाखवून सांगितलं. मी विचारलं, मग का? ती म्हणाली, "सप्टेंबरात परत त्यांच्याकडेच जायचंय ना."

आज नमुन्याचा घाणा भाजला. वाचलेल्या खाटांची हनी गेल्या वर्षीपेक्षा थोडी हलकी वाटली, अंजीर कमी, मोसंबी जास्त. धुतलेली मला अनपेक्षितपणे आवडली. शेंगदाण्याच्या चिक्कीसारखी, साधी, गोड. पावशेर, तुमच्या वडिलांना ती आवडेल असं वाटतं.

---

पावशेर | १९ जानेवारी, रात्री १०.४०

दोन्हींचं एकेक पाकीट माझ्यासाठी सांगून ठेवा. धुतलेलीची दोन.

---

माहेर_बेळगाव | २० जानेवारी, सकाळी ७.१५

चौथ्या दिवशी भिजलेला माल रातोरात वेगळा काढणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. त्या बागेतल्या बायकांना माझा नमस्कार सांगा, दादा पुढच्या वेळी जातील तेव्हा.

आमच्या शेवटच्या खाटा परवा उठतील. आत्ता धुकं आहे, अजून झाकूनच आहेत. ऊन आलं की उघडायला जाते.